कोकणातली जुनी मिळकत हातात आली, आता काय?

किल्ल्या हातात आल्या की पहिल्याच आठवड्यात माणूस जेसीबी बोलावतो. रान माजलेलं असतं, गडगे (दगडी कुंपणाच्या भिंती) ढासळलेले असतात, पाखाडी (दगडी पायवाट) पाचोळ्याखाली गेलेली असते आणि चार दिवसांची रजा काढून आलेल्याला जाण्यापूर्वी काहीतरी झालेलं बघायचं असतं. जेसीबी दोन तासांत सगळं लख्ख करून देतो. पुढच्या आषाढात त्या लख्ख उतारावरून लाल पाणी सुटतं आणि थेट घराच्या जोत्याला धडकतं. तेव्हा कळतं, मागच्या बाजूचा तो वेडावाकडा चर आणि त्याच्या काठचं झुडूप कुणीतरी मुद्दाम राखलं होतं.

तो लख्खपणा मीही केला आहे. म्हणून हा लेख. घर, घराभोवतीचं आगर, खाली भाताची खाचरं, वर कलमं, त्याच्याही वर रान आणि शेवटी सडा, म्हणजे माथ्यावरचा सपाट कातळ, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत अचानक ज्यांच्या अंगावर पडली आहे त्यांच्यासाठी. थोडक्यात क्रम असा: आधी कागद, मग एक अख्खा पावसाळा नुसतं बघणं, मग छप्पर, मग रान आणि आगर. पैसे कमावण्याचं त्यानंतर. हा क्रम उलटा करणारे बहुतेक लोक तिसऱ्या वर्षी मिळकत विकायला काढतात.

पायरी पहिली: कागद

सातबारा, आठ-अ आणि फेरफार हे तीन शब्द तुम्ही ऐकले असतीलच. सातबारा एकेका गटाचा किंवा हिश्शाचा असतो, आठ-अ म्हणजे एका खात्यावरच्या सगळ्या जमिनींची यादी आणि फेरफार म्हणजे ती नावं तिथे कशी आली त्याची गोष्ट. नवखा माणूस सातबारा काढून थांबतो. तुम्ही फेरफार काढा, अगदी जुन्यात जुने मिळतील तिथपर्यंत. सातबाऱ्यावर नाव कुणाचं एवढंच कळतं, भांडण कुठे दडलंय ते फेरफारात कळतं.

‘इतर हक्क’ हा रकाना दोनदा वाचा. तिथे कूळ दिसलं तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. १९४८चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांनी कोकणातली अर्धी गुंतागुंत जन्माला घातली आहे. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. तुमच्या आजोबांनी ‘आपली’ म्हणून दाखवलेली खाचरं तेव्हाच दुसऱ्याची झालेली असू शकतात, आणि ती त्याचीच आहेत. घराणं खोताचं, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं असेल तर आणखी मागे जावं लागेल. खोती रद्द करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडलं होतं, प्रत्यक्ष कायदा झाला १९४९ साली. त्याआधी अलिबागजवळच्या चरी परिसरातल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३पासून सहा वर्षं संप केला होता. हा इतिहास इथे सांगायचं कारण व्यावहारिक आहे: खोतांच्या वाड्यात राहायला आलेल्या नव्या वारसाकडे गाव कुठल्या नजरेने बघतो, ते या इतिहासावरून ठरतं.

रानाच्या गटावर ‘खाजगी वन’ किंवा ‘राखीव वन’ असा शेरा आहे का, ते बघा. महाराष्ट्रातली खाजगी वनं ३० ऑगस्ट १९७५ रोजी कायद्याने शासनाकडे गेली. ज्यांची एकूण जमीन १२ हेक्टरच्या आत होती, त्यांना ती परत मिळण्याची तरतूद नंतर आली. कागदोपत्री हे सगळीकडे नीट उतरलेलं नाही. शेरा असलेल्या जमिनीवर रान काढून काजू लावला तर तो वनेतर वापर ठरतो, बागायती पीक असलं तरी. लावणी करण्याआधी वनखात्याच्या आणि महसूलच्या दोन्ही कचेऱ्यांत विचारून लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘काय नाय होत’ यावर विसंबू नका.

झाडांची मालकी हा खास कोकणी प्रकार. जमीन एकाची आणि तिच्यातला आंबा दुसऱ्याचा, असं खुशाल असतं. उताऱ्यावर नोंद असते किंवा नसतेही, पण गावाला माहीत असतं.

वारसनोंद करताना आत्या आणि बहिणी यांची नावं गाळण्याची जुनी खोड आहे. ९ सप्टेंबर २००५पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्यांना आधी फोन करा. कागद पुढे करून सही मागितलेल्या आत्येपेक्षा आधी विचारलेली आत्या फार वेगळी वागते.

मग मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणी घ्या आणि हद्दीच्या खुणा दाखवणारी ‘क’ प्रत हातात येईपर्यंत एक चिराही हलवू नका. मोजणीच्या दिवशी चारही बाजूंचे लगतदार हजर असावेत म्हणून नोटिशीवर विसंबू नका, स्वतः घरोघर जाऊन सांगा. आणि पेटीत मोडीतले कागद सापडले तर त्यांना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा आणि मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून एकेक करून लिप्यंतर करून घ्या. आमच्याकडच्या तीन कागदांपैकी दोन उसनवारीचे निघाले आणि तिसऱ्यात वरच्या झऱ्याच्या पाटाचं पाणी कुणी कधी घ्यायचं ते लिहिलेलं होतं. पहिल्या दोघांपेक्षा तो तिसरा फार उपयोगी पडला.

पायरी दुसरी: एक पावसाळा नुसता बघायचा

जून ते सप्टेंबर. कोकण किनाऱ्यावर या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. या मिळकतीतली प्रत्येक जुनी रचना, म्हणजे गडगा, पाखाडी, खळ्याचा (अंगणाचा) उतार, विहिरीची जागा, त्या पाण्याशी केलेली तडजोड आहे. ती कोरड्या दिवसांत समजत नाही.

जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन बाहेर पडा. मिळकतीच्या सगळ्यात वरच्या टोकापासून सुरुवात करा आणि पाण्याबरोबर खाली या. हातात मोजणीच्या नकाशाची झेरॉक्स ठेवा, प्लास्टिकमध्ये घालून. पाणी कुठे वळतं, कुठे थांबतं, कुठे गडग्याच्या पायातून उसळून येतं, कुठे ते लाल आहे आणि कुठे नितळ, ते पेन्सिलीने टिपा. लाल पाणी म्हणजे तुमची माती चालली. नितळ पाणी रानातून येतं. असा फेरा निदान तीनदा करा: मृगाच्या पहिल्या पावसात, ऐन आषाढात आणि भाद्रपदात. पहिल्या फेरीत चर कुठे तुंबलेत ते दिसेल, शेवटच्या फेरीत झरे कुठे उगवतात ते.

या काळात करायची कामं थोडीच. तुंबलेले चर मोकळे करा. गळती होईल तिथे भांडं ठेवा आणि भिंतीवर खडूने तारीख घाला. विहिरीला कठडा नसेल तर तो मात्र लगेच बांधा, त्याला पावसाळा संपायची वाट बघू नका.

नोव्हेंबर उजाडला की पऱ्ह्याला (ओढ्याला) पाणी असेतोवर एक-दोन कच्चे बंधारे घाला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून एकावर एक रचल्या की वनराई बंधारा होतो, चार माणसं एका दिवसात घालतात. खालच्या विहिरीचं पाणी त्याने किती दिवस जास्त टिकलं, ते दोरीला गाठी मारून मोजा. पुढच्या वर्षी बंधारा कुठे हलवायचा ते त्या गाठी सांगतात.

पायरी तिसरी: घर

जांभ्याचं घर वरून मरतं. आधी कौल फुटतं, मग रीप कुजते, मग वासा, मग भिंतीच्या डोक्यावर पाणी मुरतं आणि आतला चिखल वाहून जातो. म्हणून पैसा मोजकाच असेल तर तो सगळा छपरावर घाला. रंग, फरशी, संडास-बाथरूमच्या टाइल्स सगळं नंतर.

शाकारणी दरवर्षी वैशाखात, वळवाच्या आधी. कौलं उतरवायची नाहीत, चाळायची: एकेक उचलायचं, शेवाळ खरवडायचं, फुटकं बदलायचं, बसवायचं. मंगलोरी कौलं सगळी एकसारखी दिसतात, पण एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्यात बसत नाही. कौलाच्या पाठीवरचा छाप वाचा आणि त्याच छापाची जुनी कौलं गोळा करत राहा. गावात कुणी घर पाडून स्लॅबचं बांधत असेल तर त्यांना वेळेवर विचारा. दोनशे जादा कौलं पडवीच्या कोपऱ्यात उभी रचून ठेवलीत तर दहा वर्षं निवांत. माकडं त्यातली निम्मी संपवतील, तो भाग वेगळा.

कौलांवर पत्रा घालावा का, असं हमखास विचारलं जातं. शुद्धतावादी नाक मुरडतात. माझं मत असं की वर्षातून दहा महिने बंद राहणाऱ्या घराला पत्र्याचं दुसरं छत्र वाईट नाही, पण दोहोंमध्ये वारा खेळायला हातभर जागा सोडायची आणि कौलं काढायची नाहीत.

भिंतींबद्दल मात्र मी अडून बसतो. जांभ्याला आणि चिखलाच्या जोडणीला सिमेंटचा गिलावा करू नका. जांभा सच्छिद्र आहे. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो, आणि आयुष्यभर जमिनीतलं पाणी ओढून बाहेर टाकत राहतो. चुना त्याला ते करू देतो, सिमेंट देत नाही. मी जोत्यापासून कमरेइतका सिमेंटचा पट्टा ओढला होता, ओल थांबेल म्हणून. दोन पावसाळ्यांत ती खिडकीच्या तळाशी पोचली. पट्टा फोडला तेव्हा मागच्या चिऱ्यांचा चुरा हातात आला. ओल थांबवायची तर भिंतीवर काही फासून थांबत नाही. पागोळ्या पडतात त्या रेषेत चर काढा, त्यात दगड भरा, त्याचा उतार घरापासून दूर न्या आणि जोत्याला टेकलेली माती निदान हातभर खाली आणा.

चुन्याचं काम करणारे गवंडी आता थोडे उरलेत. एखादा म्हातारा सापडला तर त्याच्या हाताखाली तरुण गवंडी लावा आणि दोघांची मजुरी आनंदाने द्या. चुना विरवून पाण्याखाली काही आठवडे मुरवावा लागतो, मग एक भाग चुन्याला साधारण तीन भाग वाळू. गिलावा झाल्यावर त्याला घाईने वाळू द्यायचं नाही, ओलं गोणपाट लटकवून ठेवायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू दगड होतो. म्हणून हे काम दिवाळीनंतरच्या गार दिवसांत, मे महिन्याच्या उन्हात नाही.

लाकूड तपासायला टोकदार पेचकस पुरे. खांबाच्या तळाशी, जिथे तो तळखड्यावर टेकतो तिथे टोचा. वाशाचं टोक भिंतीत शिरतं तिथे टोचा. पेचकस आत गेला नाही तर लाकूड चांगलं, मग वरून कितीही काळं दिसो. वाळवीची मातीची नळी दिसली तर फोडा आणि आठवड्याने परत बघा. पुन्हा बांधली असेल तर ती चालू आहे. मग फवारणीवाल्याला बोलावण्याआधी ओल कुठून येते ते शोधा, कारण ती आल्याशिवाय वाळवी सहसा येत नाही.

एक तुळई कुजली म्हणून सगळं माजघर उतरवायची गरज नसते. चांगला सुतार कुजलेला तुकडा कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड देतो. घरं जुन्या पद्धतीने राखलेली बघायची असतील तर रत्नागिरीला टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे, तिथे जाऊन माथा वर करून नुसतं छप्पर बघत बसा.

वायरिंग पूर्ण नवं करा. यात हौस नको, भावना नको.

आणि घर उघडं ठेवा. चुलीच्या धुराने वाशांवर किटण चढायचं, दारं-खिडक्या रोज उघडायच्या, म्हणून ही घरं टिकली. बंद घर पाच वर्षांत जेवढं खचतं तेवढं राहतं घर पन्नास वर्षांत खचत नाही. पंधरा दिवसांनी एकदा कुणीतरी येऊन खिडक्या उघडेल, माजघरात अर्धा तास चूल पेटवेल, याची सोय करा. त्या माणसाला पैसे द्या, उपकार म्हणून करून घेऊ नका.

पायरी चौथी: रान

सुरुवातीला एक फोन येईल. ‘साहेब, तुमचं रान उभं आहे, उक्तं देताय का?’ ठेकेदार एक आकडा सांगेल, तो एकदम मोठा वाटेल आणि घराच्या छपराचा खर्च त्यात अगदी बरोबर बसेल. नाही म्हणा. उक्ती तोड म्हणजे कुऱ्हाड खोडाखोडातला फरक करत नाही. पुढे बारा वर्षांनी काठ्या परत उभ्या राहतात, पण वरची माती तोवर खाचरात आणि खाचरातली खाडीत गेलेली असते, आणि तुमचे झरे मार्चलाच आटू लागतात.

त्याऐवजी पहिल्या हिवाळ्यात झाडांची यादी करा. सगळी नव्हे, हातभर किंवा जास्त घेराची. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची, जात लिहायची, रंगाने क्रमांक टाकायचा. सोबत रानात गुरं चारलेला एखादा म्हातारा माणूस घ्या. ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, नाणा, कुंभा ओळखायला तो तुम्हाला दोन दिवसांत शिकवेल. ही यादी चोरीविरुद्ध पुरावाही असते. खैर चोरीला जातोच, कारण काताच्या भट्टीला तो लागतो. क्रमांक टाकलेला खैर चोराला जरा अडचणीचा वाटतो.

तोडीचा कायदा १९६४ सालचा आहे आणि त्याच्या यादीत सोळा जाती आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबला, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. स्वतःच्या अंगणातला असला तरी यातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. यादीबाहेरचं लाकूडसुद्धा गाडीत भरण्याआधी वनक्षेत्रपालांच्या कचेरीत विचारा. वाहतुकीचा पास ही वेगळी गोष्ट आहे, आणि गाडी अडते ती नाक्यावर, तुमच्या रानात नव्हे.

रानाचे मनात तीन भाग करा. पऱ्ह्याच्या दोन्ही अंगांची वीस-पंचवीस पावलं आणि झऱ्याच्या डोक्यावरचा उतार: इथे कुऱ्हाड नाही, कधीच नाही, पडलेलं झाडही तिथेच कुजू द्या. देवराई असेल तर तीही याच भागात, आणि तिथले नियम तुम्ही ठरवायचे नाहीत, गावाने ठरवलेले आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा विद्वानांना त्यांचं मोल कळलं. गावाला ते आधीपासून माहीत होतं.

दुसरा भाग उतारावरचं रान. जुन्या तोडीच्या ऐन-किंजळाच्या खुंटांना पाच-सहा फुटवे आलेले असतात. त्यातले सरळ आणि जोमदार दोन ठेवून बाकीचे कापा. सरपण मिळतं आणि ठेवलेले झपाट्याने वाढतात. सगळं एका वर्षात करू नका, एकेक कोपरा घ्या, की सहा-सात वर्षांनी पहिल्या कोपऱ्यात परत याल. प्रत्येक कोपऱ्यात बियांसाठी काही जुनी झाडं अजिबात हात न लावता ठेवा. ढोली असलेलं, वाकडं, अर्धं सुकलेलं झाड व्यापाऱ्याला निकामी वाटतं. धनेशाला तेच लागतं: मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून फटीतून तिला भरवतो. मी एक असा बेहडा ‘धोकादायक’ म्हणून पाडला होता. पुढच्या फेब्रुवारीत नर दोन दिवस त्या जागेभोवती घिरट्या घालत होता. परवानगी माझ्याकडे होती, सगळं कायदेशीर होतं.

तिसरा भाग म्हणजे कुणीतरी मध्येच लावून टाकलेला साग किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ. बाभळीखाली फारसं काही उगवत नाही. ती थोडी थोडी काढून मोकळ्या जागेत आपसूक काय येतं ते बघा. बहुतेक ठिकाणी रोपं लावायची गरज पडत नाही. गुरं आणि वणवा पाच वर्षं बाहेर ठेवलात तर रान स्वतःच येतं.

वणवा हे खरं दुखणं. जानेवारीपासून मेपर्यंत कुठूनही येतो: कुणी गवतासाठी लावलेला, कुणाच्या भाजावळीतून सुटलेला, कुणी विडी टाकलेली. डिसेंबर संपायच्या आत हद्दीवर आणि रानाच्या वरच्या कडेला तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा काढा. गवत कापायचं, पाला ओढून आत घ्यायचा, जमीन दिसली पाहिजे. रानमोडी सुकली की ती पेट्रोलसारखी भडकते, म्हणून ती ऑक्टोबरात, बी धरण्याआधी उपटून टाका. शेजाऱ्याची जाळरेषा तुमच्याशी जुळत असेल तर दोघांनी मिळून मजूर लावा. आणि आग लागलीच तर फोन कुणाला करायचा, ती चार नावं दाराच्या मागे खडूने लिहा.

पायरी पाचवी: सडा

वरचा कातळ ओसाड वाटतो म्हणून तिथे चिरेखाण द्यायचा मोह होतो. भाडं बरं येतं. पण चातुर्मासात जे पाणी त्या कातळाच्या खळग्यांतून मुरतं, तेच तुमच्या पऱ्ह्यात उन्हाळ्यात उतरतं, आणि खाण एकदा पडली की तो खड्डा तुमच्या नातवालाही बुजवता येणार नाही. आणखी एक गोष्ट. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या अशाच सड्यांवर कातळशिल्पं सापडली आहेत: उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी. त्यांतली काही २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सड्यावरून सावकाश चाला. खोबण्या, रेषा, एखादा मासा किंवा माणूस दिसला तर माती झाडण्यापलीकडे काही करू नका, फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

पायरी सहावी: आगर आणि खाचरं

भाताची खाचरं तीन वर्षं पडीक राहिली की बांध खेकड्यांचे होतात आणि मग ती परत लावणं महाग पडतं. स्वतः करणं जमत नसेल तर कसणाऱ्याला द्या, पण अर्धेलीचा (निम्म्या पिकावर कसायला देण्याचा) व्यवहार वकिलाला दाखवून, मुदत घालून, कागदावर. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा कूळ मानला जाऊ शकतो, म्हणून लोक जमिनी पाडून ठेवतात. हा उपाय दुखण्यापेक्षा वाईट. भात निघाल्यावरच्या ओलीवर कुळीथ किंवा वाल टाकला तर जमिनीलाही बरं.

जुन्या हापूसच्या कलमांना हात लावण्याआधी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या. उंच गेलेल्या झाडाची छाटणी करून ते पुन्हा फळावर आणता येतं, पण छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावली नाही आणि खोडकिड्यावर नजर ठेवली नाही, तर झाडच जातं. बांडगूळ मात्र लगेच काढा, फळं धरण्याआधी, ते चिकटलंय तिथून वीतभर खालून फांदी कापून. कडेचे रायवळ आंबे ‘जागा अडवतात’ म्हणून पाडू नका. नुसत्या हापूसपेक्षा मध्ये इतर जातीची झाडं असलेल्या बागेत फळधारणा चांगली होते.

बाग करारावर देताना एक कलम हमखास घाला: कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) कोण घालणार, किती आणि कुठल्या झाडाला. करार तीन वर्षांचा असतो, झाड शंभर वर्षांचं. तीन वर्षांत निघेल तेवढा आंबा काढायचा असलेला माणूस मात्रा वाढवतो, आणि झाड खुजं आणि दमलेलं होऊन तुमच्याकडे परत येतं.

आगरात माड साडेसात मीटरवर, सुपारी पावणेतीन मीटरवर. मध्ये सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी बसते, विद्यापीठ त्याला लाखी बाग म्हणतं. जायफळ आणि कोकम यांच्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासूनची रोपं लावलीत तर सात-आठ वर्षं वाढवून त्यातली बरीचशी नर निघतील. कलमं घ्या. शेणखताचा उघडा खड्डा माडांजवळ ठेवू नका, गेंड्या भुंगा तिथेच वाढतो. सुपारीला पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. नाहीतर कोळेरोगाने आषाढात खाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडतो.

पायरी सातवी: माणसं आणि हिशेब

पाखाडी तुमच्या आवारातून जाते म्हणून तिला गेट लावू नका. विहिरीवर वरच्या वाडीची माणसं येत असतील तर येऊ द्या. शिमग्यात पालखी तुमच्या खळ्यात यायची प्रथा असेल तर खळ्यात पेव्हर ब्लॉक आणि गुलाबाच्या कुंड्या मांडण्याआधी मानकऱ्यांना विचारा. ही वहिवाट आहे, आणि ती मोडली तर कोर्टात तुम्ही जिंकालही, पण वणवा लागेल त्या रात्री बादली घेऊन कुणी येणार नाही.

मिळकतीचं बँकखातं वेगळं ठेवा, पहिल्या दिवसापासून. भावंडांपैकी एकाच्या खात्यातून खर्च होत राहिला की दोन वर्षांत तो स्वतःला मालक समजतो आणि बाकीचे त्याला चोर समजतात. खर्चाचे दोन भाग करा: दरवर्षी न चुकता येणारा, म्हणजे शाकारणी, जाळरेषा, चर, राखण, घरपट्टी, वीज, आणि एकदाच येणारा. पहिल्याची रक्कम निघाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही. काजू, सुपारी आणि बागेचा करार यांतून पहिला भाग भागला तर मिळकत उभी राहते. पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या असतील तर राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२०पासून आहे, नोंदणी करून रीतसर करा. पण ते चौथ्या-पाचव्या वर्षी. गळक्या घरात पाहुणा एकदाच येतो.

हिशेब गणपतीत वाचून दाखवा, सगळे तेव्हाच एकत्र असतात. निर्णय मात्र तेव्हा घेऊ नका, आरती आणि मोदकांनंतर सगळेच उदार होतात आणि दिवाळीपर्यंत विसरतात. कागदावर लिहून प्रत्येकाला पाठवा, महिनाभर थांबा, मग सह्या घ्या.

आणि एक जाड वही माजघरात ठेवा. पावसाच्या फेरीत काढलेले नकाशे तिच्यात चिकटवा, झाडांची यादी उतरवा, कुठल्या वर्षी कुठल्या पाखीची कौलं चाळली ते लिहा. विहिरीच्या मोटरची वायर जमिनीखालून कुठून गेली आहे त्याचं चित्र काढा, पायऱ्यांपासून पावलं मोजून. आमच्याकडे ते कुणी काढलं नव्हतं, आणि जेसीबीच्या त्या पहिल्या दिवशी तीच वायर आधी तुटली.